ओदीलची वाट

१२ मे
बर्फ फुटला. तळं मोकळं झालं — आणि सिप्रियनचं चित्त लगेच त्या वाटेकडे! आमचं तळं आणि पलीकडचं तळं यांच्यामधली, डोक्यावर होडी घेऊन चालायची अर्ध्या मैलाची वाट. पलीकडे राहते ओदील. ह्याची बायको. अकरा वर्षांपूर्वी सोडून गेली, तरी कायद्याने अजून तीच! आणि नऊ वर्षं ह्याचं घर सांभाळणारी मी कोण? ‘सिप्रियनकडची लेओनी.’

१९ मे
होडी उचलताना ह्याची कंबर धरली. मनात म्हटलं, बरं झालं! तर म्हणतो, "लेओनी, यंदा तू जा ना. वाट या आठवड्यात साफ हवी."
"याच आठवड्यात का?"
"बापाची वाट आहे. बुजली तर लोक काय म्हणतील?"
बापाची म्हणे!

२० मे
गेले. काळ्या माश्यांनी मान फोडून काढली. मध्यावर डोक्यावरची होडी टेकवून दम खायला दोन झाडांमध्ये दांडा बांधलाय. दरवर्षी हा नवा बांधतो. आज पहिल्यांदा त्याखाली एकटी उभी राहिले — तर मला वाकावं लागलं! ओदील माझ्याहून वीतभर बुटकी. अजून तिच्याच मापाने बांधतो मेला!
अंगाची नुसती लाही लाही झाली. तशीच पलीकडच्या काठापर्यंत गेले. वाटेच्या तोंडाशी मोठा देवदार होता. घातली कुऱ्हाड. आडवा पाडला, बरोब्बर वाटेवर. ये म्हणावं आता सवतीला!
घरी येऊन सांगितलं, वाट साफ आहे.

२१ मे
शीळ घालत मासे तळतोय. कंबर दुखत नाही का आता? ठेवणीतला शर्टही धुतला. माझ्यासाठी कधी धुतला होता? जळतेय मी, जळतेय!

२६ मे
ओदीलचा भाऊ बाझिल आला. नव्वद मैलांचा वळसा घेऊन, गाडीने.
"ओदील बुधवारी आली होती," तो सिप्रियनला म्हणाला. "काडीमोडाच्या कागदांवर सही करून, तुझ्या हातात द्यायला. तूच बोलावलंस आणि वाटेवर झाड पाडलंस? ताजे घाव होते कुऱ्हाडीचे. घरी येऊन तिने कागद चुलीत घातले. म्हणाली, आता मरेपर्यंत सही नाही."
सिप्रियन वळला. माझ्याकडे बघत राहिला. वाटेवर मी एकटीच गेले होते.