झोपण्याआधी चादर बघ

इंदाय,

रात्रपाळीने दमून आली असशील, तरी पलंगावर अंग टाकण्याआधी चादरीचे कोपरे बघ, तुम्ही नर्सेस दुमडता तसे जमलेत का. पहाटेपासून चारदा घातली. इतकी वर्षं डॉक्टरकी केली, पण दुसऱ्यासाठी अंथरूण कधी घातलं नव्हतं.

समुद्रापलीकडच्या बाकोलोदच्या नर्सिंग कॉलेजात मी आता जात नाही. तिथे मला कुणी ओळखत नाही म्हणूनच ते निवडलं होतं, हे तू केव्हाच ओळखलंस. परदेशी जाण्यासाठी नर्स होणारा मी काही आपल्या इलोइलोतला पहिला डॉक्टर नव्हे. काल माझ्या नर्सिंगच्या पांढऱ्या गणवेशाला इस्त्री करता करता तू म्हणालीस, "दोक, लाज काय, बोटीत बसून तिकडेही येईल." तेव्हा मी फुगून बसलो. रात्रभर तेच डोक्यात घोळत होतं.

आज तुमच्याच हॉस्पिटलच्या कॉलेजात नाव घालायला चाललोय. तुझ्या हाताखाली तयार झालेली मेर्लिन शिकवते म्हणे. तिला सांगून ठेव, माझी गय करायची नाही. वॉर्डातल्या बाया हसतील, हसू देत. तुला हसायचं असेल तर घरी येऊन पोटभर हस.

कोंबडीची पेज झाकून ठेवलीय, वरून आलं घाल. परदेशाचं आईला इतक्यात बोलू नकोस, ते मीच सांगेन.

कोपरे चुकले असतील तर चादर उपसून टाक, आल्यावर पुन्हा घालीन. पण आधी झोप.

आणि लग्न होऊनही तू मला वॉर्डातल्या डॉक्टरांसारखं दोकच म्हणत आलीस. आता नावाने हाक मार.

रेनान्ते