गाडीखालचा पांढरा कागद

प्रिय खटपटे,

पाकिटात पत्रासोबत एक मोठा पांढरा कागद घड्या घालून ठेवला आहे. तो आत्ता उघडू नकोस. आधी पत्र पूर्ण वाच, मग कागद. तुला सूचना शेवटपर्यंत ऐकायची सवय नाही, असं मी तू सहा वर्षांची असताना गजराचं घड्याळ खोललंस तेव्हापासून म्हणत आले. या वाक्याकडे मला पुढे परत यायचं आहे, तेव्हा ते लक्षात असू दे.

इथे सगळं ठीक आहे. तुझ्या बाबांचा गुडघा आता जिना चढताना कुरकुरत नाही, ते स्वतः मात्र कुरकुरतात. मागच्या दाराशी लावलेलं लिंबाचं झाड पाचव्या वर्षी फुललं. वरच्या खोलीतलं तुझं टेबल मी माझ्या कामासाठी घेतलं आहे, पण खणांना हात लावलेला नाही. त्यातले स्क्रू, स्प्रिंगा आणि ते रेडिओचं पोट आहे तसंच आहे. पत्र मी त्याच टेबलावर लिहिते आहे.

बातमी गाडीची आहे. मागच्या महिन्यात मी ती चौकातल्या मिस्त्रीकडे नेली होती. तक्रार जुनीच, गिअरबॉक्सखाली लाल ऑइलचे थेंब. त्याने गाडी वर उचलली, खालून टॉर्च मारला आणि म्हणाला, "बाई, हे गॅस्केट कोणी बसवलंय? हौशी माणसाचं काम दिसतंय. सगळं खोलावं लागेल." खरं म्हणजे मी मान डोलवायला हवी होती. तीन वर्षं मी स्वतः हेच म्हणत होते. पण त्याच्या तोंडून ते ऐकलं आणि माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "माझ्या मुलीने बसवलंय. गाडी खाली घ्या." तुझे बाबा स्टुलावर बसून चहा पीत होते, ते कपासकट उठून उभे राहिले. घरी फाटकाशी आल्यावर म्हणाले, "म्हणजे गॅस्केट चांगलं आहे असं आता ठरलं का?" मी म्हटलं, ठरलेलं काही नाही, तपासायचं आहे.

तपासायला तीन वर्षं उशीर झाला, हे मला तेव्हाच कळलं होतं. तीन वर्षांपूर्वी तू त्या सुट्टीत आली होतीस, एका दुपारात पोर्चमध्ये गाडी स्टँडवर चढवलीस, गिअरबॉक्सचा तळाचा पॅन उतरवलास, जाळी बदललीस, जोडाच्या फटीत नवं गॅस्केट घालून एकेक बोल्ट आवळलास. मी दारात उभी राहून बघत होते. बोल्ट तू एका ओळीत नाही, समोरासमोरचे आवळत होतीस, हेही मी बघितलं आणि मनात बरं वाटलं. ते मी तेव्हा बोलून दाखवलं नाही. दोन महिन्यांनी थेंब दिसले तेव्हा मात्र मी लगेच फोन उचलला आणि म्हणाले, "कॉलेज अर्धवट सोडलंस, गॅस्केटही अर्धवटच बसवलंस." तू फक्त "बरं" म्हणालीस. तुझ्या "बरं"चे चार प्रकार मला माहीत आहेत, हा पाचवा होता.

त्यानंतर तू नेमाने येतेस, जातेस, फोन करतेस, बाबांची औषधं विचारतेस. भांडण म्हणावं असं काही नाही. पण मागच्या खेपेला बाबा गाडी आत घेत होते, पुढच्या चाकापाशी काहीतरी कडकड वाजलं. तुझी मान आपोआप वळली. मग तू वर्तमानपत्र उचललंस. जाताना आपला कप विसळून पालथा घातलास, पाहुणे घालतात तसा. तीन वर्षांत तू या गाडीचं बॉनेट एकदाही उघडलेलं नाहीस. माझ्या ते लक्षात आलेलं नाही असं समजू नकोस.

तर मी कामाला लागले. शाळेत एकतीस वर्षं मी प्रयोगवहीत आधी निरीक्षण आणि मग अनुमान लिहायला लावलं. उलटं लिहिलं की पान फाडायला सांगायचे. या प्रकरणात माझं अनुमान तीन वर्षांपूर्वी लिहून झालं होतं आणि निरीक्षणाचा रकाना रिकामा होता. म्हणून पहिल्या दिवशी फक्त पांढरे कागद आणले, मोठे, तक्त्यांसाठी मिळतात ते. चार चाकांच्या जागा फरशीवर खडूने आखल्या, म्हणजे गाडी रोज त्याच जागी उभी राहील, आणि खाली कागद पसरला. सकाळी तीन डाग. एक नुसतं पाणी, ते एसीचं, वाळून गेलं. एक काळपट, तो इंजिनचा, या वयात तेवढं चालायचंच. तिसरा लाल, बरोबर पॅनच्या मागच्या कडेखाली. बाबा म्हणाले, "नकाशा छान आलाय, आता देश ओळख." मी त्यांना कागदावर तारीख टाकायचं काम दिलं.

डाग कुठे पडतो हे कळलं, पण ऑइल येतं कुठून हे त्यावरून कळत नाही. छत गळतं एकीकडे आणि पाणी टपकतं दुसरीकडे, तसंच. त्यासाठी खाली जाणं भाग होतं. तू ठेवून गेलेले स्टँड लावले, चाकांना ठोकळे दिले, आणि जुनी सतरंजी टाकून मी गाडीखाली शिरले. सदुसष्टाव्या वर्षी शिरायला त्रास होत नाही, निघायला होतो. बाबा बाजूला खुर्ची टाकून बसले होते. म्हणाले, "रस्त्यावरून तुझे नुसते पाय दिसतायत. लोक विचारतील, काय सांगू?" मी म्हटलं, सांगा बायको कामात आहे. दोन दिवस घासून, पुसून सगळा गिअरबॉक्स कोरडा केला. मग त्यावर अंगाला लावायची पावडर उडवली. भुकटी बसली की ओल कुठून निघते आणि कुठून खाली उतरते तो माग दिसतो. अर्धा डबा संपला. बाबा म्हणाले, गाडीचं इतकं कौतुक तर आमच्या मुलीचंही झालं नाही. ते गमतीत म्हणाले. मी डब्याचं झाकण लावलं.

आठवडाभर बाजारापर्यंत, वाचनालयापर्यंत गाडी नेली. पावडर पांढरीशुभ्र, कागद कोरा. मला वाटलं, गळती घाबरून पळाली. मग बाबांच्या त्या बुद्धिबळवाल्या मित्राकडे गेलो, दोन तास जाऊन, दोन तास येऊन. परत आल्यावर गाडी निवू दिली आणि टॉर्च घेऊन खाली गेले. पॅनच्या कडेला लाल थेंब लोंबत होता. पण त्याच्यावर, गिअरबॉक्सच्या मागच्या अंगाला, पावडरीतून बोटभर रुंदीचा लाल ओघळ वरून खाली आला होता. तो माथ्यावरच्या हवा सोडायच्या त्या छोट्या नळीपासून निघत होता. गॅस्केटची सबंध रेघ मी बोटाने चाचपली. ओघळ येऊन टेकला होता तेवढी जागा सोडली तर चारही बाजूंनी पावडर जशीच्या तशी होती. ती जागाही पुसून पाच मिनिटं बघत राहिले. आतून काही आलं नाही.

मी थोडा वेळ तशीच खाली पडून होते. बाबांनी विचारलं, "अडकलीस का?" मी हो म्हटलं.

आता वरून ऑइल बाहेर का पडावं, हे काही मला उमजेना. शेजारचे ड्रायव्हरकाका, बस चालवून निवृत्त झालेले, फाटकावर हात टेकून बघत होते. मी त्यांना ओघळ सांगितला. ते म्हणाले, "जास्त भरलंय ऑइल. कोण भरतं?" मी म्हटलं, मीच. दर रविवारी सकाळी सात वाजता इंजिन चालू करून ऑइल मोजायची पट्टी बघते, वरच्या खुणेच्या खाली असेल तर शाळेतून आणलेल्या मापाच्या नळीने बरोबर तेवढं घालते, एक रविवार चुकलेला नाही. काका अगदी हळू, वर्गात मुलं मला विचारायची तसं म्हणाले, "बाई, गाडी फिरवून, गरम करून मोजता ना?"

द्रव तापला की फुगतो हे मी पोरांना एकतीस वर्षं शिकवलं आहे. वरची खूण गरम ऑइलची. मी दर रविवारी गार ऑइल त्या खुणेला आणून ठेवत होते, मग गाडी लांब गेली की ते तापून, फेसाळून नळीतून बाहेर येत होतं. ते कमी झालं की पुढच्या रविवारी मी पुन्हा भरत होते. माझ्याइतका नेम न पाळणारं दुसरं कोणी असतं तर ही गळती तीन वर्षं टिकली नसती.

आणि मग मला तू आठवलीस. त्या सुट्टीत निघताना, बॅग खांद्याला, फाटकात उभी. तू म्हणालीस, "आई, इंजिन चालू ठेवून मोजायचं, वरच्या खुणेपर्यंत, पण..." आणि मी तुझ्या हातात डबा कोंबत म्हटलं, कळलं, कळलं, आता निघ, गाडी चुकेल. "पण"च्या पुढचं मी ऐकलंच नाही. तू बोललीस मात्र नक्की, तुझे ओठ हलताना मला आता दिसतात. अर्धा तास फिरवून आल्यावर, असंच म्हणाली असशील. आता पत्राच्या पहिल्या परिच्छेदातलं ते सूचनांबद्दलचं वाक्य पुन्हा वाच आणि हस. मी हसले. बाबा तर इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं.

पुढचं काम सोपं होतं. गाडी फिरवून आणली, पट्टीच्या नळीत बारीक रबरी नळी घालून मोठ्या सिरिंजने जादा ऑइल ओढून काढलं. पाऊण लिटर निघालं. ते बरणीत भरून बाबांनी चिठ्ठी लावली आहे, "बाईंचा अभ्यास". फेकू देत नाहीत. नंतर पुन्हा त्या मित्राकडे गेलो, तेवढंच अंतर, तेवढंच ऊन. बाबा तिथे दोन डाव हरले आणि येताना गाडीत गाणी म्हणत होते. गाडीही कधी नव्हे ती गिअर बदलताना कळू देत नव्हती. घरी आल्यावर खडूच्या खुणांवर गाडी लावली, गॅस्केटखाली नवा कागद सरकवला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी काढला. चौकातून जाताना मी मिस्त्रीलाही सांगून आले. तो म्हणाला, तरी एकदा खोलून बघू या. मी म्हटलं, तुम्ही तुमचं बघा.

आता कागदाबद्दल. तुला आठवत असेल, शाळेत माझ्या हातून एखाद्या मुलीच्या वहीवर चुकीचा शेरा पडला आणि नंतर तिचं निरीक्षण बरोबर निघालं, तर मी तो शेरा खोडून नुसता बरोबर करत नसे. तिला टेबलापाशी बोलावून, तिच्यासमोर, नवा शेरा लिहून खाली सही करायचे. तू एकदा विचारलं होतंस, एवढं कशाला, नुसतं खोडलं तर चालणार नाही का. मी म्हटलं होतं, लिहून दिलेली चूक तोंडी मागे घेता येत नाही. तुझ्या बाबतीत मी तर चूक तोंडीच दिली होती, फोनवर, म्हणून ती फोनवर मागे घेता आली असती. चार वेळा फोन हातात घेतला. पण तू "बरं" म्हणाली असतीस आणि तो कितवा प्रकार ते मला ओळखता आलं नसतं. म्हणून हे पत्र. आता कागद उघड. रात्रभर गॅस्केटखाली होता तोच आहे, उजेडात धरून बघ, कुठे डाग सापडतो का. खालच्या कोपऱ्यात बाबांनी तारीख टाकली आहे आणि त्याच्याखाली माझ्या अक्षरात दोन ओळी आहेत: गॅस्केट कोरडे, काम पूर्ण आणि उत्तम. आधीचा शेरा रद्द, कॉलेजबद्दलचाही. त्याखाली सही आहे. पुढच्या चाकाचं ते कडकड अजून वाजतं. मी तिथे हात लावलेला नाही, मिस्त्रीलाही लावू देणार नाही. स्टँड पोर्चमध्येच आहेत, सतरंजी धुऊन ठेवली आहे. या वेळी तू सांगशील तेव्हा मी वाक्य संपेपर्यंत थांबेन.

तुझीच,
रविवारची ऑइलवाली आई