गोलरेषेवर कोणी नव्हतं

शनि. १० सप्टें. २००५, वेस्ट विंडसर

आमच्या ईशाची फुटबॉलची मॅच झालीच नाही. दोन्ही टीम्स हजर, आईबाप खुर्च्या मांडून बसलेले, आणि रेफरी नाही. कॅरल म्हणून एक बाई रेफरींच्या ड्यूट्या लावतात. साठीच्या पुढच्या, गुडघ्याला पट्टा. त्या शेजारच्या मैदानावर स्वतःच शिट्टी घेऊन उभ्या होत्या. मॅच संपवून लंगडत आल्या आणि सरळच सांगितलं की माणसं नाहीत. दर सीझनला कमी होतात. जे येतात ते लोकांच्या शिव्या खाऊन सोडून जातात. तुमच्यापैकी कोण कोर्स करेल?

सगळे बुटांकडे बघायला लागले. माझा हात वर गेला. का, ते नीट सांगता येत नाही. अमरावतीला अकरावीच्या भरल्या वर्गाला फिजिक्स शिकवायचे. इथे आल्यापासून मला कोणी काही विचारतच नाही, जेवायला काय आहे ते सोडून. माझा व्हिसा श्रीच्या नोकरीवरचा, त्यावर मला नोकरी करता येत नाही, हे कॅरलना आधीच सांगितलं. म्हणाल्या, मग फुकट कर, मला चालेल.

गाडीत श्री हसला. वाईट हेतूने नाही. पण हसला.

रवि. १८ सप्टें.

कोर्स झाला. शाळेच्या कॅफेटेरियात, बुटक्या बाकांवर. मी, सात-आठ बाप आणि एक रिटायर्ड पोस्टमन. गोल म्हणजे काय, हे फळ्यावर काढून दाखवलं: चेंडू अख्खाच्या अख्खा रेषेपलीकडे गेला पाहिजे, तसूभरही रेषेवर राहिला तर गोल नाही. फार आवडलं. किती दिवसांनी कोणीतरी फळ्यावर काही सिद्ध केलं.

पिवळा शर्ट, काळी चड्डी. चड्डीखाली लेगिंग्ज घालणार. वर्षा म्हणाली, मुंबईच्या टॅक्सीसारखी दिसतेस. वर्षा समोरच्या बिल्डिंगमध्ये राहते म्हणून मी इथे टिकले. तिचा मिलिंद रोज श्रीला गाडीने स्टेशनवर सोडतो, तिचा आर्यन आणि ईशा एकाच वर्गात. दोन्ही घरांत मिळून भांडी किती, कोणाची कुठली, आता सांगता येणार नाही.

शनि. २४ सप्टें.

पहिली मॅच. आठ वर्षांची पोरं. शिट्टीतून नुसती हवा आली, खेळ चालूच. शेवटी वर्गातला आवाज काढला, "स्टॉप!" शेजारच्या मैदानावरचेसुद्धा थांबले.

मध्येच एक चिमुरडी समोर येऊन पाय पुढे करून उभी. लेस सुटलेली. बांधली. मागे वळले तर आणखी दोघी रांगेत.

घरी येऊन भात गार खाल्ला. मस्त लागला.

शनि. ८ ऑक्टो.

पाऊस. सगळं कॅन्सल. इस्त्री, फोडणीचा भात, ईशाचा सायन्स प्रोजेक्ट. दर अर्ध्या तासाने खिडकी. श्री म्हणाला, तुला करमत नाहीये. खरंच नाही करमत.

शनि. १५ ऑक्टो.

लागोपाठ तीन मॅचेस. पोस्टमननी सोडलं. एका आईने त्यांना आंधळा म्हटलं, पोरांसमोर. त्यांनी शिट्टी कॅरलच्या हातात दिली आणि गाडीत जाऊन बसले.

खरं म्हणजे दोन्ही बाजूंच्या रेषांवर झेंडेवाले दोघं हवेत. या सीझनला एकदाही पाहिले नाहीत. मी मध्ये पळते आणि टोकाला काय झालं ते अंदाजाने ठरवते. ईशा म्हणते, यू रन फनी, आई. पण पाणी तीच आणून देते.

शनि. २२ ऑक्टो.



कॅरलनी मला आर्यनच्या टीमची मॅच दिली. मी सांगितलं की घरच्यासारखे लोक आहेत, नको. म्हणाल्या, मग मॅच रद्द करते, दुसरं कोणी नाही. गेले.

शेवटची काही मिनिटं, बरोबरी. आर्यनने लांबून मारला. गोलकीपरने पडता पडता चेंडू ओढून घेतला. रेषेच्या आत की बाहेर? मी मैदानाच्या मध्यापाशी, मध्ये चार पोरं. मला दिसलं नाही. दिसलं नाही तर गोल देता येत नाही. खेळ चालू ठेवला.

मिलिंद त्याच बाजूला, बरोबर गोलरेषेपाशी उभा होता. आत होता म्हणून ओरडला. मी मान हलवली. तो मैदानात आला. चालत, तावातावाने. शिट्टी मारून खेळ थांबवला. त्याच्या कोचने हाक मारली तरी थांबला नाही. माझ्यापाशी येऊन मराठीत, हळू नाही, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "घरी रिकामी बसलेली असतेस, म्हणून हे उद्योग. तुझ्या हौसेपायी पोरांचं नुकसान."

इंग्रजी बोलणाऱ्यांना कळलं नाही. वर्षाला कळलं. ईशाला कळलं. आर्यनला कळलं, तो खाली बघत होता.

मी इंग्रजीत सांगितलं, "सर, प्लीज लीव्ह द फील्ड. तुम्ही पार्किंगपर्यंत जाईपर्यंत मॅच सुरू होणार नाही." मिलिंदला सर म्हणाले. कितीतरी वेळा माझ्या हातची भाकरी खाल्लेला माणूस.

गेला. बरोबरीतच संपली. वर्षा खुर्च्या घडी करत होती, वर बघितलंच नाही.

रवि. २३ ऑक्टो.

श्रीला कालच एवढंच सांगितलं होतं की मिलिंदला बाहेर काढावं लागलं. म्हणाला, थोडं सांभाळून घ्यायचं होतंस, रोजचा संबंध आहे. 

आज जेवताना ईशाने सांगून टाकलं. "बाबा, मिलिंदकाका सेड आई जस्ट सिट्स अॅट होम." श्रीने घास खाली ठेवला. नंतर पंप घेऊन बाल्कनीतल्या सायकलमध्ये हवा भरत बसला. उद्यापासून स्टेशनवर सायकलने जाणार. थंडी वाढतेय, म्हटलं. तर म्हणाला, टोपी आहे.

गुरु. २७ ऑक्टो.

वर्षाचा फोन नाही. दिवाळीचा फराळ दरवर्षी एकत्र, तिच्या ओट्यावर. तिकडून काही नाही, इकडून माझ्यानेही फोन उचलवत नाही. आज दुकानात ती डाळींच्या रॅकपाशी दिसली. मी पलीकडून वळले. तिनेही बघितलं असणार.

मिलिंद चुकीचं बोलला. पण चेंडू? तो रेषेपाशी होता. आत गेला असेल, तर त्याने बघितला असणारच. हे डोक्यातून जात नाही.

मंगळ. १ नोव्हें.

दिवाळी. चकल्या तुटल्या. श्रीने तुकडे वाटीत घेऊन चमच्याने खाल्ले, तेवढ्यात थोडं हसू आलं. आईला फोन केला. तिने वर्षा कशी आहे विचारलं. बरी आहे म्हटलं.

शनि. ५ नोव्हें.

मॅचनंतर कॅरलना सगळं सांगितलं. गोल बहुतेक झाला होता, हेही. त्या बाकावर गुडघा चोळत ऐकत होत्या. म्हणाल्या, "चूक दर आठवड्याला होईल. तिथे उभं राहायला माणूस नाही, त्याला तू काय करणार? पण त्याने तसं बोलायचं नाही. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत." मला दोन वेगळ्या करता येत नव्हत्या. आता जरा जमतंय.

त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे. स्प्रिंगमध्ये ड्यूट्या लावायचं काम तू घेशील का, विचारलं. सांगते म्हटलं.

शनि. १२ नोव्हें.

सीझनचा शेवटचा दिवस. माझ्याकडे पुन्हा आर्यनची टीम. सुरू करायच्या आधी आईबापांपाशी गेले.  म्हटलं, मला एकटीला दोन्ही टोकं दिसत नाहीत. रेषेवर झेंडा घेऊन कोणी उभं राहील का?

 मिलिंद आलेला नव्हता. वर्षा उठली. तिला या खेळातलं काही कळत नाही, मॅच चालू असताना ती विणते. मराठीत म्हणाली, "मला दाखव कुठे उभं राहायचं ते."

दाखवलं. चेंडू रेषेबाहेर गेला की झेंडा वर, एवढंच. पूर्ण मॅच पळाली, चपलांमध्ये. दोनदा चुकली. एका बापाने काहीतरी टोमणा मारला, तिने त्याच्याकडे असं बघितलं की तो कॉफी प्यायला लागला.

संपल्यावर झेंडा माझ्या हातात देत म्हणाली, "अगं, तिथून तर खरंच काही दिसत नाही." मग जरा थांबून, "मी त्याच्याशी चार दिवस बोलले नव्हते. तुझ्याकडे कुठल्या तोंडाने येऊ, कळत नव्हतं."  तिची चप्पल चिखलात रुतली होती, ती ओढून काढून दिली.

रवि. १३ नोव्हें.

दुपारी फोन. मिलिंद. हवा वगैरे बोलला. मग म्हणाला, "मंजिरी, बॉल आत होता." मी म्हटलं, "असेल. मला दिसला नाही." "हो. वर्षा म्हणाली, तिथून दिसत नाही."

मग,  "मी त्या दिवशी जे मराठीत..." एवढं म्हणून अडकला. मी मदत केली नाही. तेवढ्यात मागून आर्यनची हाक आली, आणि त्याला बरंच वाटलं असावं. नंतर करतो म्हणाला.

अजून केलेला नाही. मी उरलेलं वाक्य ऐकल्याशिवाय सोडणार नाही. इतकं मात्र ठरलंय. कॅरलना काय सांगायचं, ते ठरत नाहीये. श्रीला विचारलं तर म्हणाला, तुला काय हवंय? हा प्रश्न या घरात नवीन आहे. उत्तर द्यायला जरा वेळ लागणार.