बसायची जागा

१२ मार्च

ती. आईस,
साष्टांग नमस्कार. मी बरी आहे. खोकला गेला, जेवण वेळेवर नसलं तरी होतं. तुझे पाय कसे आहेत? मावशीने दिलेलं तेल लावतेस की बाटली नुसतीच कपाटात?

दुकानाचा आराखडा करायच्या स्पर्धेत आमचा पहिला नंबर आल्याचं तुला मावशीकडून कळलंच असेल. देशभरातून आलेल्या मुलांमध्ये पहिला! फोनवर मी स्वतः काही सांगितलं नाही म्हणून तू रागावली असशील. खरं सांगू, अंगात त्राणच नव्हतं. कपड्यांच्या दुकानाचं ते मॉडेल करता करता मी आणि माझ्या खोलीतली मैत्रीण, आपली बुटकी, दोघी पार पिचून गेलो होतो. बोटांना अजून डिंक चिकटल्यासारखा वाटतो. बक्षीस घेताना फोटोवाला म्हणाला, "जरा हसा की!" बुटकी हसली. मी काय केलं ते फोटोत दिसेलच.

परीक्षकांपैकी एका बाईंनी विचारलं होतं, "काउंटरमागे ही बाकडी कुणासाठी?"

मी म्हटलं, "विकणाऱ्यांसाठी. माझी आई कापडाच्या दुकानात आहे. गिऱ्हाईक नसलं तरी तिला बसू देत नाहीत."

बाईंनी वहीत काहीतरी टिपून घेतलं. निकाल सांगताना त्यांनी पहिल्यांदा बाकड्यांचंच नाव घेतलं. तुझंच कौतुक चाललंय असं मला वाटलं.

इथपर्यंत लिहिलं आणि पेन खाली ठेवून उगाच खोली झाडून घेतली. आता पुढचं लिहिते.

स्पर्धा भरवणाऱ्या कंपनीने आम्हाला बोलावलं. आमच्या आराखड्यावरून खरंखुरं दुकान बांधणार, आणि दोघींना नोकरीही. साहेब फार गोड बोलले, चहा पाजला. मग म्हणाले, "सगळं तुमचंच ठेवू. फक्त त्या बाकड्यांच्या जागी माल मांडायला खण करू. बसलेली बाई दिसली की गिऱ्हाईकाला दुकान आळशी वाटतं."

बुटकीने टेबलाखालून माझा हात दाबला. गप्प बस, म्हणून. मी बसले नाही. म्हटलं, "बाकडी काढायची तर मला यात धरू नका."

"नोकरीतही नको?"

"नोकरीतही नको."

बाहेर आल्यावर बुटकी जिन्यातच रडायला लागली. "तुला परवडतं गं असं वागायला! माझ्या पाठीवर दोन भाऊ आहेत." ती सोमवारी कामावर रुजू झाली. मी तिला दोष देत नाही. जाताना माझं अंथरूण नीट घालून गेली, एवढं मात्र मला सोसवलं नाही.

परवडतं म्हणे. आई, मी नोकरीला लागले की तू दुकान सोडणार, पाय वर घेऊन दुपारची झोपणार, हे आपलं ठरलं होतं. शेजारच्या काकूंनाही तू सांगून टाकलंयस. हो म्हटलं असतं तर पुढच्या महिन्यात तू घरी असतीस. साहेबांसमोर हे मला आठवलं नव्हतं असं नाही. आठवलं, आणि तरीही तोंडातून 'नाही'च निघालं. बरोबर केलं की नुसता माज केला, ते कळत नाही. विचार करायचंही आता जिवावर येतं.

एका फर्निचरवाल्याकडे नकाशे काढायचं काम मिळालंय. पगार बेताचा. तेवढ्यावर तू घरी बसू शकणार नाहीस. मालक बरा वाटतो, पण तो सगळ्यांनाच पहिल्या आठवड्यात बरा वाटत असेल.

रागाव, पण पत्राने रागाव. फोनवर तुझा आवाज ऐकला तर मी उद्याच साहेबांकडे जाऊन माफी मागेन, आणि ते मला करायचं नाही.

तुला अजून काही दिवस उभं ठेवणारी,
तुझी लेक