फलालीचा कावळा

प्रिय दादा,

फोनवर तू दोन वाक्यांत आवरतोस आणि मीही तेवढ्यातच संपवते, म्हणून हे लिहिते आहे. बाबा दवाखान्यातून घरी आले, हे तुला कळवलंच होतं. अर्धांगाने उजवा हात अजून उचलता येत नाही. समजतं सगळं, पण शब्द सापडत नाहीत. ज्या माणसाने घाटनांदूरच्या ख्रिस्ती मंडळीचा पाळक म्हणून इतकी वर्षं प्रवचनं केली, त्याला आता पाणी हवं असलं तरी तांब्याकडे बोट दाखवावं लागतं. मी थकले आहे. ही तक्रार नाही, नुसतं कळवते.

दिवसभर मी डोंगरावर पवनचक्क्यांच्या देखभालीवर असते. तेव्हा शेजारच्या केशरबाई बाबांजवळ बसतात. परवा एका चक्कीच्या पात्यांखाली घार मरून पडली होती. आमच्याकडे अशा पक्ष्याचा फोटो काढून जागा आणि जात कळवायची असते. ते करताना बाबांची चिमणी आठवली. रविवारच्या शब्बाथशाळेत ते मुलांना सांगायचे, दमडीला विकली जाणारी चिमणीसुद्धा स्वर्गातल्या पित्याला ठाऊक असल्याशिवाय जमिनीवर पडत नाही. लहानपणी मी त्याचा अर्थ घेतला होता की ती पडणारच नाही. तसं तिथे म्हटलेलं नाही. ती पडते, फक्त कुणाला तरी ठाऊक असताना पडते. हल्ली मला तेवढाच विश्वास पेलतो.

वाचा-उपचार करणाऱ्या बाईंनी सांगितलं की ओळखीची चित्रं दाखवा, नावं म्हणवून घ्या. मी माळ्यावरून शब्बाथशाळेचा फळा काढला. आईने निळ्या फलालीच्या मऊ कापडाचा शिवलेला, ज्यावर कापडी पक्षी नुसते टेकवले तरी चिकटायचे. महापुरात तरलेलं नोहाचं तारू अजून त्यावर शिवलेलं आहे, खिडकीसकट. बाबांना चिमणी म्हणता आली. पिलांना पंखाखाली घेणारी कोंबडी दाखवली तेव्हा ते आजारानंतर पहिल्यांदा हसले. कापणीच्या सणात, देवाला वाहिलेल्या वस्तूंचा लिलाव चालू असताना तुझ्या हातून कोंबडी सुटली आणि अर्धी मंडळी वेदीभोवती धावली, ते त्यांना आठवलं असावं. येशूला नाकारणाऱ्या पेत्राला रडवणारा कोंबडा आला, कबुतर अडखळत आलं. मग मी कावळा लावला. बाबा म्हणाले, याकू.

मी ती चूक धरली. या आजारात एका शब्दाच्या जागी भलताच शब्द येतो, असं बाईंनी बजावलं होतं. पण दुसऱ्या दिवशीही तेच. कबुतर ते कबुतरच, कोंबडा तो कोंबडाच, आणि कावळा दिसला की तुझं नाव. केशरबाई भाजी निवडत बसल्या होत्या. म्हणाल्या, आगं, येवढ्या मशिनी कळत्यात तुला, अन् ह्ये कळंना व्हय? आमच्यात कावळा शिवल्याबिगर माणूस सुटत न्हाई. तुझा बाप कोणत्या कावळ्याची वाट बघतोय, इचार की.

विचारायची गरज नव्हती. तू पाळक होणार नाहीस असं सांगितलंस, त्यानंतरच्या रविवारचं प्रवचन मला अजून ऐकू येतं. पाणी ओसरलं का बघायला नोहाने आधी कावळा सोडला, त्याला बाहेर मढी मिळाली, तो त्यांवरच बसला आणि घर विसरला. परतलं ते कबुतर. बाबांनी नाव घेतलं नाही, पण सगळे वळून तुझ्याकडे बघत होते. तू गीतांना वाजवायचास ती पेटी बंद केलीस आणि प्रवचन चालू असतानाच दारातून निघून गेलास. त्या प्रवचनातलं कबुतर मी होते. मलाही कुणी विचारलं नव्हतं.

आता मी बायबलमधला तो अध्याय नीट वाचला. त्यात मढं कुठेच नाही. पाणी आटेपर्यंत कावळा इकडेतिकडे उडत राहिला, एवढंच आहे. मढी बाबांनी घातली. पुढे दुष्काळात संदेष्टा एलीया ओढ्याकाठी लपला, तेव्हा त्याला सकाळ-संध्याकाळ भाकरी आणून देणारे कावळेच होते, नियमशास्त्राने अशुद्ध ठरवलेले. येशूनेही पेरणी-कापणी न करणाऱ्या कावळ्यांकडे बघा, असं सांगितलं. बाबांना हे त्या रविवारी ठाऊक नव्हतं असं नाही.

ओढ्याची ती गोष्ट मी त्यांना वाचून दाखवली. त्यांनी डाव्या हाताने कावळा उचलला आणि तारवाच्या खिडकीत लावला. वाकडा लागला होता. मी सरळ करायला गेले, तर माझा हात बाजूला सारला.

यंदाच्या कापणीच्या सणाला नवे पाळक बाबांना पुढे खुर्चीवर बसवणार आहेत. पेटीला कुणी नाही. तू ये असं मी म्हणणार नाही, ते तुझं तू ठरव. तोच कावळा या पाकिटात आहे. काल मी तो फळ्यावरून काढला. आज सकाळी बाबांनी रिकाम्या खिडकीवर बोट ठेवलं आणि तुझं नाव घेतलं. कावळा बाहेर पाठवलाय, असं मी त्यांना सांगितलं. तेव्हापासून ते घराचं दार लावू देत नाहीत.

तुझीच, अजून याच घरातली,
सुवार्ता