रविवारचं वाचन

प्रिय दादा,

रविवारी चर्चमध्ये शास्त्र वाचायची पाळी माझी आहे आणि उतारा नेमका मळणीच्या बैलाचा आलाय. राबणाऱ्या बैलाचं तोंड बांधू नका, तसंच मंडळीसाठी राबणाऱ्यालाही त्याचं वेतन मिळू द्या, असं त्यात आहे. पाळकाचीच बायको हे वाचतेय म्हटल्यावर माना वळतील. तू तर मंडळीचा अध्यक्ष, पहिल्याच बाकावर असशील.

मागच्या रविवारी तू हसत विचारलंस, "काय दाजी, प्रवचन करताना काय चघळता?" लवंग होती रे. यांची दाढ किडलीय, गाल सुजलाय, कालपासून ताप आहे. दवाखान्याचं नाव काढलं की म्हणतात, "पुढच्या महिन्यात बघू." यांच्या पगाराचा विषय निघाला तेव्हा पाळकाने साधं राहावं, असं तू सभेत म्हणालास ना, तेव्हापासून तुझ्याकडे काही मागायचं नाही अशी शपथ घातलीय मला. म्हणून हे पत्र पाठवणार नाही.

मघाशी वाचनाचा सराव करताना बैलापाशी येऊन माझा आवाज फाटला. आतून यांनी काहीतरी विचारलं. काय, ते कळलंच नाही. धावत गेले. दादा, जबडा आवळून बसलाय, त्यांचं तोंड उघडत नाहीये.

तुझी धाकटी