मोठाच ट्रेलर घ्या

अहो,

शाळेला जायची पोशेऱ्याची जीप लवकर सुटते, म्हणून तुम्हाला उठवलं नाही. भाकरी टोपलीत आहे.

काल जेवताना तुम्ही म्हणालात, "दिल्लीच्या फेऱ्यांसाठी फ्रीजचा मोठा ट्रेलर नको. छोटी गाडीच घेतो, नाशिकची द्राक्षं मुंबईत उतरवून रोज घरी येईन." मला खूप बरं वाटलं. पण दिल्लीचं नाव निघालं की तुमचा चेहरा कसा खुलतो, ते मी पाहिलंय. माझ्यासाठी मन मारू नका. मोठाच घ्या. फक्त दारांचं रबर नीट बघा, वाटेत गारवा निघून जायला नको.

शाळेला सुट्टी लागली की मीही दिल्लीला येणार. आईंना मी सांगेन, तुम्ही मध्ये बोलू नका.

उज्ज्वला